पेजेचा विटाळ

माझे मेहुणे सेतुमाधवराव यांनी जन्मभर एकच काम केलं. लोकांनी रेशीम समोर ठेवायचं आणि यांनी ‘नाही’ म्हणायचं. कधीमधी ते ‘चालेल’ही म्हणत, नाही असं नाही. पण ते म्हणताना चेहरा असा करत, की समोरच्याला वाटावं आपण यांच्या घरातलं काहीतरी उचलून नेतोय.

हे काम त्यांच्या घराण्यात आजोबांपासून चालत आलं होतं. तंजावूरच्या राजवाड्यात देवघरासाठी जे रेशीम यायचं, ते सोवळ्याला योग्य आहे की नाही हे यांच्या घराण्यानं ठरवायचं. पुढे राजा वारला, पोटी मुलगा नव्हता, आणि कंपनीला तेवढं निमित्त पुरलं. राज्य खालसा झालं. हत्ती लिलावात गेले, पण हत्तीखान्याचे अधिकारी मात्र जागच्या जागी राहिले. आम्हा तंजावूरच्या किल्ल्यातल्या मराठी माणसांची हीच गंमत आहे. काम गेलं, हुद्दा राहिला, वर घरबसल्या थोडं पेन्शन. सेतुमाधवराव तेव्हा विशीतले होते. राजाला एकदाही रेशीम तपासून दाखवायची संधी त्यांना मिळाली नव्हती. पण पुढची तीस वर्षं ते स्वतःला ‘राजवाड्याचे पारखी’ म्हणवून घेत राहिले, आणि आमचे लोकही असे, की तसं म्हणत राहिले.

कुणाकडे मुंज असो, लग्न असो, नवं रेशीम आलं की आधी ते मेलवीदीतल्या यांच्या घरी जायचं. हे तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, मांडी घालून बसलेले. आधी डोळे मिटायचे. मग लुगड्याचा काठ अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत न्यायचा. मग एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासायचा, एक धागा जाळून त्याचा वास घ्यायचा, जरीची तार कसोटीच्या दगडावर ओढायची. हे सगळं होईपर्यंत घरमालक घामाघूम. आणि शेवटी काय, तर मान हलवून ‘नाही’. का नाही ते सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, “हातास कळतें.”

माझ्या बायकोचं लुगडं एकदा असंच त्यांच्या हाताला कळलं. मी ते हौसेनं कुंभकोणहून आणलं होतं. चाळीस माणसांसमोर त्यांनी ते बोटाच्या टोकानं माझ्याकडे परत सरकवलं. मी कलेक्टर कचेरीतला कारकून, माझी बहीण त्यांच्या घरात दिलेली, तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती. ‘बरं भावोजी’ म्हटलं आणि लुगडं काखोटीला मारून घरी आलो. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तो राग मी पोटात जपून ठेवला.

सेतुमाधवरावांची खरी शान पाहायची तर अय्यमपेट्टैला. तंजावूरहून कुंभकोणच्या वाटेवरचं ते लहानसं गाव, सगळं मागांवर जगणारं. तिथले विणकर सौराष्ट्री, त्यांचे वाडवडील पूर्वी कधीतरी गुजरातेकडून आलेले. घरात त्यांची भाषा वेगळी, बाजारात तमिळ, आणि राजवाड्याची गिऱ्हाइकं सांभाळून सांभाळून आमची मराठीही बऱ्यापैकी बोलतात. त्या गावी सेतुमाधवराव दर अमावास्येला बैलगाडीनं जायचे. स्नान, पूजा, जेवण, वामकुक्षी आटोपून निघायचे, ऊन कलल्यावर पोचायचे. अमावास्येला विणकर माग बंद ठेवतात. म्हणजे हा थोर पारखी तीस वर्षं नेमानं मागांच्या गावी गेला, आणि नेमका माग बंद असलेल्या दिवशी गेला. चालता माग त्यांनी पाहिला असेल असं मला वाटत नाही. रेशीम लुगड्याच्या रूपातच झाडाला लागतं असं त्यांना कुणी सांगितलं असतं, तरी त्यांनी मान हलवली असती.

विणकर बिचारे हे सोसायचे. कारण किल्ल्यातली गिऱ्हाइकं ‘रायरनी पाहिलंय का?’ असं विचारल्याशिवाय घडी उलगडत नसत. आम्हा मराठी ब्राह्मणांना तिकडे सगळे रायर म्हणतात. त्यामुळे रायर आले की ओट्यावर चटई, ताक, पानसुपारी, आणि पुढ्यात लुगडी. रायर डोळे मिटायचे.

आता आगगाडी सुरू झाली त्यानंतरची गोष्ट. सूर्यनारायणराव म्हणून आमच्यात एक मोठे जमीनदार होते. त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं. नवरीला, तिच्या आईला आणि विहिणीला अशी तीन लुगडी हवी होती, एकाच ताण्यावर विणलेली, आणि तीही राजवाड्याच्या जुन्या पद्धतीच्या रुंद काठाची. सेतुमाधवरावांनी हे काम अय्यमपेट्टैच्या व्यंकटरमण नावाच्या विणकराला द्यायचं ठरवलं. अमावास्या लांब होती, म्हणून मध्येच जाणं भाग होतं. जावं कसं, असं त्यांनी मला विचारलं.

आणि मी म्हटलं, “भावोजी, बैलगाडी कशास? पहांटे आगगाडी जाते, तिनें जाऊं. मीही येतों.”

मी हे का म्हटलं, ते सांगतो. तहसीलदारांच्या दौऱ्यावर मी त्या गावातून कितीदा तरी पहाटे गेलो होतो. विणकरांच्या आळीत पहाटे काय चालतं, मला ठाऊक होतं. मागावर चढवण्याआधी रेशमाचे उभे धागे, म्हणजे ताणा, हे लोक रस्त्यात लांबच्या लांब पसरतात. ऊन चढायच्या आत त्याला खळ द्यायची असते, नाहीतर धागा विणताना पिंजतो. आणि ती खळ असते भाताच्या पेजेची. भात शिजवायचा, घोटायचा, पातळ करायचा, आणि मुळांच्या कुंचल्यांनी धाग्याला चोपडायचा.

आमच्या घरांत भाताचं एक शीत सोवळ्याला लागलं की ते खरकटं झालं, मोडलं. पुन्हा आंघोळ. आणि ज्या रेशमाला कसला विटाळ लागत नाही म्हणून आम्ही मिरवतो, ते रेशीम जन्मायच्या आधीच पेजेत न्हालेलं असतं. हजारो किडे उकळून काढलेला धागा यांना पवित्र, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. भाताचं तेवढं पाहायचं राहिलं होतं. म्हटलं, पाहू दे या गृहस्थाला एकदा. तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. एवढाच माझा हेतू.

फाल्गुनातली सकाळ होती. सेतुमाधवराव गाडीत पहिल्यांदाच बसले होते. लाकडी बाकालाही बोट लावून त्यांनी मान हलवली. अय्यमपेट्टैला उतरून आम्ही आळीत शिरलो. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आंब्याच्या कोवळ्या पानाच्या रंगाचा ताणा बांबूंच्या टेकूंवर पसरला होता. दोन्ही बाजूंनी बाया चालत होत्या, हातात कुंचले. सगळ्यांत पुढे व्यंकटरमणाची बायको कमलाक्षी, कमरेवर मडकं घेऊन. उंच, काळीसावळी, पदर खोचलेला. रायर एवढ्या पहाटे आलेले पाहून ती गडबडली, आणि मग हसली.

“या रायर. आज पहांटेंच?”

“हें काय लावतां?”

“कंजी, रायर.”

“कसली कंजी?”

“भाताची. आणि कसली?”

सेतुमाधवरावांनी धोतराचा सोगा उचलला, तो थेट गुडघ्यापर्यंत. एक पाऊल मागे घेतलं, तर मागे पेजेचं दुसरं मडकं. तिकडून उडी मारली ती शेणाच्या सड्यात. मी उपरणं तोंडात कोंबून भिंतीकडे वळलो. खांदे हलत होते, ते काही मला आवरले नाहीत. वळून पाहिलं तेव्हा कमलाक्षी माझ्याकडेच बघत होती. तीही हसली.

“आजवर हेंच लावीत आलांत?” सेतुमाधवरावांचा आवाज चिरकला होता.

“माझी सासू लावायची. तिची सासू लावायची,” कमलाक्षी म्हणाली. तिला वाटलं, रायर कामाची चौकशी करताहेत. ती अभिमानानं सांगत होती.

मला वाटलं होतं, आता हा माणूस खाली मान घालेल, गुपचूप गाडीत बसेल आणि जन्मभर या गोष्टीचा उच्चार करणार नाही. कुणाही शहाण्यानं तेच केलं असतं. पण शहाणपणा सेतुमाधवरावांच्या हाताला कधी कळला नव्हता. तीस वर्षं ज्यांना हे दिसलं नाही, त्यांना आता असं वाटू लागलं की आपण फार मोठा शोध लावला. उडी मारून ते भानावर आले, उपरणं सावरलं आणि तिथल्या तिथे हुकूम सोडला. सूर्यनारायणरावांच्या ताण्याला शिजलेल्या अन्नाचा स्पर्श होता कामा नये. खळ द्यायची तर डिंकाची द्यायची. डिंक शिजवावा लागत नाही.

व्यंकटरमण आतून बाहेर आला होता. अबोल माणूस. तो हळू आवाजात म्हणाला, “रायर, डिंक वाळला कीं कडकडीत होतो. धागा तुटेल.”

“माझ्या आज्यानें राजवाड्याचें रेशीम पाहिलें आहे. तूं मज सांगतोस?”

कमलाक्षीनं नवऱ्याला गप्प केलं आणि ती पुढे आली. मडकं खाली ठेवलं, हात पुसले. “रायर, हा बाहेरचा ताणा मुदलाळीचा. तुमचा घरांत आहे, तो आमचा.” मुदलाळी म्हणजे तिथला व्यापारी. रेशीम तो देणार, कापड तो नेणार, विणणाऱ्याला फक्त मजुरी. गावातले सगळे माग असेच चालायचे. या नवराबायकोनं मात्र किती वर्षं कोण जाणे, थोडं थोडं करून स्वतःचं रेशीम जमवलं होतं. लग्नातली तिची चांदीही त्यात गेली होती. या तीन लुगड्यांना किल्ल्यात नाव मिळालं तर पुढची गिऱ्हाइकं थेट त्यांच्या दारी येणार होती, आणि मुदलाळीचा माग सुटणार होता. “तो एकच आहे रायर. बिघडला तर दुसरा नाहीं.”

“बिघडतो कसा?” सेतुमाधवराव म्हणाले. “आणि पेज लावशील तर मी ‘नाहीं’ म्हणेन. मग किल्ल्यांत कोणी घेणार नाहीं.”

तिनं मडकं पुन्हा कमरेवर घेतलं. येत्या शनिवारी ताणा पसरायचा ठरला होता, तो डिंक लावून पसरायचा असं कबूल केलं. मी मध्ये बोललो नाही. तेव्हा माझं लक्ष सेतुमाधवरावांच्या पायाला लागलेल्या शेणाकडे होतं.

पुढचे दिवस किल्ल्यात जी धमाल झाली, तिला तोड नाही. सूर्यनारायणरावांच्या सोप्यात बैठक भरली. सेतुमाधवरावांनी उभं राहून आपला शोध जाहीर केला. सगळ्यांची पाचावर धारण बसली. म्हणजे आपल्या मुंजी खरकट्यात झाल्या? बापाची श्राद्धं खरकट्यात झाली? एका म्हाताऱ्यानं तर राजवाड्यातले देवच बाटले असा हिशेब काढला, आणि राज्य का बुडालं याचं उत्तर त्याला तिथल्या तिथे सापडलं. कंपनी, फौजा, तह सगळं फुकट. राज्य पेजेनं बुडालं! कुणी हसलं नाही. मी एकटा खांबाआड जाऊन हसून आलो.

घरोघर रेशीम बाहेर काढून अंगणात टाकलं. पुरुष ओली सुती धोतरं नेसून पूजेला बसले. तीन दिवसांत अर्धा किल्ला शिंकत होता. बायकांनी मात्र ऐकलं नाही. माझी बहीण गंगाबाई तर नवऱ्याला तोंडावर म्हणाली, “माझ्या लग्नाचें लुगडें काय चुलींत घालूं? तुमच्याच हातांनीं पाहिलें होतें न्हवें?” त्यावर सेतुमाधवराव पाठ फिरवून बसले. असे प्रसंग त्या घरात पूर्वी कधी झाले नव्हते, म्हणून मला ते फार गोड लागलं.

गुरुवारी शास्त्रीबुवांनी पोथ्या उलटून तोड काढली. तोड काय, तर कोणतंही नवं रेशीम तिरुवैयारूला कावेरीत एकदा बुडवलं की शुद्ध. जुन्या रेशमालाही एक बुडी पुरे. झालं! एवढ्या आकांताचं औषध एक बुडी! सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. सेतुमाधवरावांना तर आनंदच झाला, कारण बुडी नीट झाली की नाही हे बघायला आता पारखी लागणार होता. सूर्यनारायणराव म्हणाले, पेज असो की काही असो, लुगडी वेळेवर हवीत.

अय्यमपेट्टैची आठवण त्या सोप्यात कुणालाही झाली नाही. झाली ती माझ्या बहिणीला. तिनं मला मागच्या दारी बोलावलं. “रामा, ती बाई शनवारीं डिंक लावील रे. ह्यांस सांगितलें तर म्हणतात, हुकूम मागें घेतला तर लोक काय म्हणतील. तूं उद्यांच सकाळच्या गाडीनें जा. पेजच लाव म्हणून सांग. जाशील न्हवें?”

“जातों अक्का,” मी म्हटलं.

आणि मी गेलो नाही.

काय आड आलं, तेही सांगतो. कुणी आजारी नव्हतं, कचेरीत काम नव्हतं. त्या आठवड्यात मला एक नवा मान मिळाला होता. सेतुमाधवरावांनी धोतर कसं उचललं, उडी कशी मारली, ‘कसली कंजी?’ हे कसं चिरकून विचारलं, ते मी फार सुरेख करून दाखवायचो. शुक्रवारी सकाळी स्टेशनकडे निघालो, तर वाटेत कचेरीतल्या मंडळींनी एका ओट्यावर धरून बसवलं. काही तमिळ वकील मंडळीही होती, त्यांनी ते पाहिलं नव्हतं. मी दोनदा करून दाखवलं. तेवढ्यात गाडी शिटी देऊन गेली. दुपारच्या गाडीनं जाऊ म्हटलं. दुपारी ऊन होतं. मग म्हटलं, विणकर लोक सांगितल्या दिवशी कधी काम करतात का? शनिवारचं सोमवारवर ढकलतील. रविवारी सुटी आहेच, आरामात जाऊ.

रविवारी गेलो. आळी मोकळी होती. व्यंकटरमणाच्या दारात मात्र ताणा अजून पसरलेलाच होता. त्यांनी शनिवारी पहाटे, ठरल्याप्रमाणे, अगदी हुकमाबरहुकूम डिंक लावला होता. गावात पहिल्यांदाच, म्हणून प्रमाण कुणाला ठाऊक नव्हतं. ऊन चढलं तसा डिंक वाळला, आणि धागे एकमेकांना चिकटून त्यांच्या पट्ट्या झाल्या. सोडवायला जावं तर तुटत होते. कमलाक्षी कोमट पाण्याचं भांडं घेऊन रस्त्यातच बसली होती, आणि एकेक धागा बोटांनी सुटा करत होती. हजारो धागे. हातभर लांबी सुटी झाली होती, तिच्यातही निम्मे तुटलेले. व्यंकटरमण ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. तो बघतही नव्हता.

मी उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून निरोप सांगितला. “आतां पेज चालते म्हणतात.”

तिनं वर पाहिलं. “केव्हांपासून?”

“गुरुवारापासून.”

तिची बोटं थांबली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असं ती मनात मोजत असावी. “कचेरींत काम होतें,” मी म्हटलं. तिनं काही विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती एकटी तंजावूरला आली. पाठीवर गाठोडं. सेतुमाधवराव ओट्यावर बसले होते, मी शेजारी होतो, आतल्या उंबऱ्याशी अक्का. कमलाक्षीनं गाठोडं सोडून ताणा त्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. पण ती नेहमीच्या गिऱ्हाइकीच्या आवाजात म्हणाली, “रायर, तुम्हीं सांगितलें तसें केलें. भाताचा स्पर्श नाहीं. आतां पाहा, चालेल कां?”

मी सेतुमाधवरावांकडे पाहिलं. हा एक क्षण होता, जेव्हा त्यांना माणूस होता आलं असतं. माझी चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. रेशीम पुन्हा मिळालं नसतं, पण ती निदान ते ऐकून गेली असती.

त्यांनी डोळे मिटले. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये त्या पट्ट्यांची कड धरली आणि सावकाश सरकवत नेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग डोळे उघडले.

“नाहीं,” ते म्हणाले. “धागा तुटका आहे.”

इतका नीच मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही, असं त्या वेळी मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात नीचपणा काही कळलाच नाही. त्यांना एक वस्तू दाखवली, त्यांनी ती पारखली. धागा तुटका होता, हे खरंच होतं. तीस वर्षांत त्यांनी ‘नाही’चं कारण प्रथमच सांगितलं, आणि ते कारण बिनचूक होतं.

अक्का आत निघून गेली. त्या दिवसानंतर तिनं रेशीम अंगाला लावलं नाही. सणाला, लग्नकार्याला, सुती लुगडं नेसायची. लोक विचारायचे, तर म्हणायची, “माझ्या हातास कळतें.” सेतुमाधवराव ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

सूर्यनारायणरावांनी तिन्ही लुगडी कुंभकोणहून विकत आणली. अर्थातच पेजेची. ती कावेरीत बुडवली, आणि लग्न थाटात झालं. सेतुमाधवरावांना त्यांनी ती दाखवली नाहीत. कशाला दाखवायची? शुद्धी कावेरी करत होती. मग इतरांनीही दाखवणं सोडलं. पारखी ओट्यावर बसून राहिले, आणि रेशीम त्यांच्यासमोरून गाठोड्यांत बांधून तिरुवैयारूला जाऊ लागलं. पाच-सहा वर्षं असं बसून ते वारले. शेवटी शेवटी पांघरुणाची सुती चादर दोन बोटांत धरून सरकवत राहायचे आणि मान हलवायचे. त्यांच्या मरणाचं मला दुःख झालं असं मी म्हणणार नाही.

कमलाक्षी आणि व्यंकटरमण मुदलाळीच्या मागावर परत गेले. तिथेच म्हातारे झाले. स्वतःचं रेशीम त्यांना पुन्हा जमवता आलं नाही.

आज मी पेन्शनीत आहे, साठी उलटली. ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेल. धोतर उचलण्याची नक्कल अजून चांगली वठते. गुरुवारचं आणि शुक्रवारचं मी अर्थात कधी सांगत नाही. सांगणारा मी, आणि ऐकणारे सेतुमाधवरावांना हसतात. त्या ‘नाही’वर तर बायकासुद्धा चुकचुकतात आणि म्हणतात, काय हो हा माणूस!

त्या दिवशी कमलाक्षीनं ताणा पुन्हा गाठोड्यात बांधला. मी तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेलो. तिच्या हातावर काही ठेवावं असं मनात होतं, ते धैर्य झालं नाही. ती थांबली, आणि गाठोडं पाठीवर नीट करत माझ्याकडे वळली.

“त्या पहांटे रायर ओरडत होते तेव्हां तुम्ही हसत होतांत,” ती म्हणाली. “मी म्हटलें, ह्यास तरी सगळें ठाऊक आहे. हा कांहीं वांकडें होऊं देणार नाहीं.”